दार लागल्यानंतर

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि मला एक वाईट खोड आहे. गोष्टीवरून काढलेला सिनेमा मला गप्प बसून बघता येत नाही. मूळ गोष्टीत माणूस पायी गेला असेल आणि पडद्यावर तो सायकलवर दिसला, की मी बायकोच्या कानाशी लागतो. ती म्हणते, "पोचला ना? मग झालं." पण माझं होत नाही. चार पानांची गोष्ट असते, तिच्यात एक म्हातारा आणि एक शेळी असते. सिनेमा निघेपर्यंत म्हाताऱ्याला एक तरणी मुलगी झालेली असते, मुलीला शहरातला डॉक्टर भेटलेला असतो आणि शेळीचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. मी शेळीच्या बाजूचा माणूस आहे.

म्हणून माझ्या भाचीनं एका जुन्या मराठी कथेवर लहानसा सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा तिनं ते सगळ्यात शेवटी मला सांगितलं. कथा ऐकून मी खुर्चीतून उठलोच. नोकरीला लागल्यापासून मी ती गोष्ट शिकवतोय. लेखक लातूरकडचे, वारूनही जमाना झाला. गोष्ट अगदी छोटी आहे. भर उन्हात एक वाटसरू एका दारात येऊन भाकर मागतो. आत तव्यावर भाकरी फुगलेली असते, तिचा वास उंबऱ्यापर्यंत आलेला असतो. घरातली बाई त्याच्याकडे बघते आणि दार लावून घेते. माणूस जरा वेळ थांबतो, मग चालू लागतो. संपली गोष्ट. परीक्षेत या दारावर हमखास प्रश्न येतो, दाराचा प्रतीकात्मक अर्थ स्पष्ट करा म्हणून. मुलं लिहितात, दार म्हणजे समाज, दार म्हणजे नियती, दार म्हणजे माणसाचं आटलेलं मन. एकानं लिहिलं होतं, दार म्हणजे बहुतेक सागवानी असावं. त्याला मी एक गुण जास्त दिला, कारण निदान त्यानं दाराकडे बघितलं होतं.

भाची माझ्या धाकट्या बहिणीची. चाकूर तालुक्यातल्या एका गावात वाढली, लातूरला फार्मसी शिकली, मेडिकलच्या दुकानात वर्षभर गोळ्या विकल्या आणि एक दिवस सगळं सोडून पुण्याला सिनेमा शिकायला गेली. परत आली तेव्हा घरच्यांनी तिला स्वच्छ सांगितलं, एक सिनेमा काढून बघ, न्हाई जमला तर मुकाट्यानं मेडिकलवर बस. तिच्याकडे होती ती एवढी एकच संधी, आणि त्या संधीची किल्ली लातूरच्या आक्कांकडे होती.

आक्का म्हणजे त्या लेखकांची एकुलती एक मुलगी. वय नव्वदीच्या आसपास, एकट्या राहतात, सांभाळायला एक बाई असते. त्यांच्या वडिलांच्या दुसऱ्या एका गोष्टीवर पूर्वी कुणीतरी सिनेमा काढला होता. गोष्टीतली विधवा त्यात शेवटी नाचली होती म्हणे. आक्का थिएटरातून मधेच उठून आल्या आणि तेव्हापासून त्यांनी कुणालाही परवानगी दिलेली नाही. आम्ही मामा-भाची त्यांच्यासमोर जाऊन बसलो. भाचीचं सगळं बोलणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आधी करा," त्या म्हणाल्या. "करून मला दाखवा. बाबांनी लिहिलंय तसं असलं तर परवानगी देते. इकडचं तिकडं झालं असलं तर तुमच्या घरात ठेवा, बाहेर दाखवायचं न्हाई." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही ही गोष्ट शिकवता. तुम्ही तिथं उभं राहायचं. मी तुमच्या शब्दावर हो म्हणून राहिले."

माझी छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण जावं. मी म्हणालो, "आक्का, कडीचा आवाजसुद्धा बदलू देणार नाही."

शूटिंग बहिणीच्या गावात ठरलं, कारण तिथलं दार फुकट मिळत होतं. दार होतं बहिणीच्या थोरल्या जावेच्या घराचं. जुनं, जाड, पितळी कडीचं. दार सिनेमात जाणार म्हटल्यावर जाऊबाईंनी ते तेल लावून पुसून काढलं आणि वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. गोष्टीत तोरण नाही. मी ते सोडवलं. चहा पिऊन परत आलो तर तोरण जागच्या जागी. मी परत सोडवलं. असं दोन-तीनदा झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, दाराला हात लावायचा तर लावा, पण मोकळं दार दाखवू नका. घरात कुणी गेल्यावाणी दिसतंय." शेवटी तोरण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर येईल एवढं वर सरकवलं आणि आमचा तह झाला.

दार लावून घेणाऱ्या बाईचं काम नांदेडच्या एक शिक्षिका करणार होत्या. हौशी नाटकांत त्यांनी बरीच दारं आपटलेली होती. वाटसरू मात्र भाचीनं निलंग्याहून शोधून आणला होता. निवृत्त एसटी कंडक्टर. अंगानं काटकी, गाल आत गेलेले, डोळे असे की बघणाऱ्यानं आपसूक खिशात हात घालावा. आयुष्यभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आलेला माणूस. त्यामुळे आता चालून दाखवा म्हटलं की मनापासून चालायचा. आणि निष्ठा म्हणावी तर अशी, की उपाशी माणसाचं काम आहे म्हणून तो आदल्या दिवशीपासून खरोखर उपाशी होता. मला इतका आनंद झाला, की मी ही गोष्ट कौतुकानं सगळ्यांना सांगितली. सगळ्यांत जाऊबाईही होत्या.

"काय?" त्या म्हणाल्या. "माझ्या दारात बसलेला पाव्हणा कालपासून जेवला न्हाई?"

"वैनी, ते कामासाठी आहे."

"काम असूद्या की. काम जेवून होत न्हाई का?"

मी त्यांना गोष्ट समजावून सांगितली. तीस मुलांच्या वर्गाला सांगतो तशी, उतरत्या आवाजात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच विचारलं. "मग ती बाई कामून दार लावती?"

वर्गात या प्रश्नाला मी पाऊण तास बोलतो. त्या ओट्यासमोर एकच वाक्य निघालं. मी म्हणालो, "लेखकानं तसं लिहिलंय."

"त्येच्या घरचं दार लावलं असंल त्येनं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पहिला टेक झाला. कंडक्टर आले, भाकर मागितली, शिक्षिकेनं बघितलं, दार लावलं. कडीचा आवाज असा आला, की माझ्या अंगावर काटा आला. कंडक्टर वळले, चालू लागले. भाचीनं कट म्हणायच्या आत घराच्या मागच्या दारानं जाऊबाई ताट घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी कंडक्टरला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. भाकर, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी जाऊबाईंकडे बघितलं. मग खाली बसून जेवले. त्यांचाही इलाज नव्हता. आपल्याकडे वाढलेल्या ताटाला नाही म्हणणारा माणूस अजून पाहण्यात नाही.

दुसऱ्या टेकला धपाटे आणि दही आलं. तिसऱ्याला आम्ही जाऊबाईंना बहिणीबरोबर देवळात पाठवून दिलं, तर समोरच्या घरातून पिठलं आलं. जाताना त्या सगळ्या गल्लीला सांगून गेल्या होत्या. चौथ्या टेकच्या वेळी कंडक्टर दारात उभे राहिले, भाकर द्या म्हणाले आणि त्यांना ढेकर आला. शिक्षिका दाराआड हसत सुटल्या. मी कॅमेऱ्यातून बघितलं तर वाटसरूच्या चेहऱ्यावर बारशाला जेवून निघालेल्या माणसाचं समाधान पसरलेलं. ते डोळे आता खिशात हात घालायला लावत नव्हते, उलट पान-सुपारी मागत होते.

"सर," ते हळूच म्हणाले, "पोट फुटून राहिलंय. पण त्या माउलीला न्हाई कसं म्हणू?"

दुपारून सरपंच आले. म्हणजे सरपंच बाई आहेत, म्हणून त्यांचे मालक आले. एसटी थांब्यावरची गावाची पाटी सिनेमात दिसणार असं भाची दार बघायला आली तेव्हाच बोलून गेली होती, त्यामुळे गावानं ती रंगवून घेतली होती. आता गोष्ट काय आहे ते गावभर झालं होतं.

"म्हंजे आमच्या गावात माणूस येतो, पाटी दिसती, आन् उपाशी जातो?" त्यांनी विचारलं. "पोरींची लग्नं जमायची हायेत, सर. कोण देईल-घेईल या गावात?"

मी आनंदानं म्हणालो, "मग पाटी काढून टाकू. मूळ गोष्टीत पाटी नाहीच."

"पाटी कशी काढता? रंग ओला हाय अजून. पाटी ऱ्हाऊद्या, माणसाला जेवू घाला."

"जेवला तर गोष्टच राहत नाही हो."

"न्हाई ऱ्हायली तर काय बिघडलं? माणूस तर ऱ्हातो."

यावर बराच खल झाला. गावाची इज्जत आणि मराठी कथेची इज्जत ओट्यावर समोरासमोर बसली होती आणि कथेच्या बाजूनं मी एकटा होतो. शेवटी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून तोडगा निघाला. माणूस उपाशीच जाऊ दे, दार लागू दे, पण पाटी शेजारच्या गावाची लावू. त्या गावाशी या गावाचं कधीपासून वाकडं आहे आणि कशावरून, ते कुणालाच नीट आठवत नव्हतं, पण तोडगा एकमतानं पास झाला. तासाभरात त्या गावाच्या नावाची नवी पाटी तयार होऊन थांब्यावर लागलीसुद्धा. मीही हो म्हणालो. गोष्टीतलं दार लागत होतं, मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावाचा पिकअप आला.

मला वाटलं आता डोकी फुटणार. पंधरा-वीस माणसं खाली उतरली, सगळ्यांची तोंडं गंभीर. पुढारी दिसणाऱ्या एकानं पाटीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "आमच्या गावात माणूस उपाशी ऱ्हातो असं दाखवून राहिलेत म्हणं तुमी," तो म्हणाला. "कुठाय त्यो माणूस?"

कंडक्टरनं हात वर केला. तिकीट तपासनिसापुढं करावा तसा.

"बसा," पुढारी म्हणाला आणि मागं वळून ओरडला, "उतरवा रे!" पिकअपमधून भात, वरण, वांग्याची भाजी, पुऱ्या आणि बुंदी अशी पातेली उतरली. शाळेच्या मैदानात सतरंज्या पडल्या. एकट्या कंडक्टरला बसवणं बरं दिसेना म्हणून आम्हीही बसलो, मग हे गावही बसलं, आणि ज्यांचं आपसात पाणी बंद होतं ती दोन गावं एकमेकांच्या पानात बुंदी टाकू लागली. पाहुण्या गावानं कंडक्टरला वाढलं की यजमान गाव त्याच्यापेक्षा जास्त वाढायचं. मी मधे मधे उठून म्हणत होतो, "अहो, त्यांना दुपारी उपाशी दिसायचंय." कुणीतरी माझ्याही पानात बुंदी टाकली.

त्या दुपारी कंडक्टर उपाशी दिसले नाहीत. दिसलेच नाहीत. जुलाब लागून ते बहिणीच्या घरी आडवे झाले. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि पोटात दुसरं काही जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. भाची उंबऱ्यावर डोकं धरून बसली. कॅमेरा भाड्याचा होता, शिक्षिकेची रजा संपत आली होती आणि हातात एकही धड टेक नव्हता. "मामा," ती म्हणाली, "मेडिकलवर जाऊन बसते बघ मी आता." लहानपणी ती रडायची तेव्हा मोठ्यानं रडायची, आता नुसती बसली होती.

तिसऱ्या दिवशी कंडक्टर भिंतीला धरून बाहेर आले आणि आम्ही सगळे बघत राहिलो. डोळे खोल, ओठ सुकलेले, पाय लटपटत असलेले. चार पानांच्या गोष्टीतला वाटसरू छापलेल्या कागदावरून उठून अंगणात आला होता. "सर, करू या का?" ते क्षीण आवाजात म्हणाले. "पुन्हा जेवायला घालायच्या आत?"

भाचीनं कॅमेरा लावला. कंडक्टर दारात उभे राहिले. भाकर मागताना त्यांचा आवाज इतका खरा फुटला, की शिक्षिकेचा चेहराही खरा झाला. त्यांनी बघितलं. दार लावलं. कडी वाजली. कंडक्टर थांबले, वळले, गल्लीनं चालू लागले. हे होतं ते. याच्यासाठी मी आक्कांना शब्द दिला होता.

आणि दार उघडलं.

पूर्ण नाही, हातभर. फटीतून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि हातात वाडगा. "ओ पाव्हणं," आतून आवाज आला, "डॉक्टर काय म्हणायचं त्ये म्हणू द्या. दहीभात हाय, पोटाला बरा पडतो." जाऊबाई होत्या. कॅमेऱ्यापुढं यायला लाजत होत्या, म्हणून नुसता हात काढला होता. कंडक्टर मागं फिरले. उंबऱ्यापाशी बसले आणि त्यांनी तो दहीभात खाल्ला. हळूहळू, एकेक घास, मधेच डोळे पुसत. तसं जेवताना मी कुणाला बघितलं नव्हतं. मी भाचीकडे बघून हातानं खूण करत होतो, बंद कर, बंद कर. तिनं बंद केला नाही.

नांदेडला येईपर्यंत आम्ही गाडीत भांडत होतो.

"दार लागतं तिथं तोड," मी म्हणालो. "पुढचं काढून टाक."

"न्हाई तोडणार. मामा, दार लागेपर्यंत सगळं जसंच्या तसं हाय का न्हाई?"

"आहे."

"मग? दार लागल्यानंतर काय झालं ते लेखकानं लिहिलंच न्हाई. आपण त्यांचं काय बदललं?"

"अगं, शेवट म्हणजे शेवट असतो. त्याच्यापुढं काही नसतं."

"तुझ्या पुस्तकात नसतं," ती म्हणाली. मी तिच्यावर भयंकर चिडलो आणि खिडकीची काच वर केली. शेवटी ठरलं, आक्कांना आहे तसंच दाखवायचं. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला.

लातूरला आक्कांच्या घरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. आक्कांनी चष्मा पुसला, मांडीवर वडिलांचं पुस्तक उघडून घेतलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्या सिनेमा बघत नव्हत्या, तपासत होत्या.

"बाबांनी चिमण्या लिहिल्यात. हा पारवा हाय."

"हो आक्का. चिमण्या थांबल्या नाहीत."

"लुगडं लिहिलंय. ही साडी."

"हो."

"कौलं लिहिलीत." पुढं त्यांनी पत्र्याकडे नुसतं बघितलं आणि बोट खाली सरकवलं. भाची माझ्या शेजारी नखं खात होती. कंडक्टर दारात आले. आक्कांचं बोट एकेका शब्दावरून चालत होतं आणि पडदा त्याच्याबरोबर चालत होता. भाकर मागितली, बाईनं बघितलं, दार लागलं. कंडक्टर चालू लागले. बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलं आणि तिथंच थांबलं, पुढं कागद कोरा होता.

दार उघडलं. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला.

आक्कांनी बोट उचललं. मी खाली मान घातली. कंडक्टर जेवत होते, चमच्याचा नव्हे, बोटांचा आवाज वाडग्यात येत होता. सिनेमा संपला. मग आक्का म्हणाल्या, "परत लावा. दारापासून."

परत लावलं. त्या पुढं वाकून बघत होत्या. "दार लावणारीच्या हातात लाल बांगड्या हायेत," त्या म्हणाल्या. "वाढणारीच्या हिरव्या."

आता मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वेगळ्या बायकांचे हात. शाळेतल्या पोरालाही कळेल अशी चूक, आणि मी तिथं खास पहारा द्यायला उभा होतो. मी म्हणालो, "आक्का, चूक माझी. मी शब्द दिला होता. पोरीचा काही दोष नाही, मी बघायला पाहिजे होतं."

"चूक न्हाई," आक्का म्हणाल्या. "बरोबर हाय. दार लावणारी बाई बाबांची. वाढणारी माझी आई."

भाची खुर्ची ओढून त्यांच्या जवळ सरकली.

"मी तेव्हा परकरात होते," त्या म्हणाल्या. "तो माणूस आमच्याच दारात आला होता. बाबा ओसरीवर लिहीत बसले होते. आईनं त्याला भाकर दिली, येसर दिलं, वर पाणी दिलं, तो जेवून गेला. बाबांनी सगळं बघितलं आन् गोष्टीत दार लावलं. म्हणाले, जेवून गेला तर गोष्ट होत न्हाई." त्या जराशा हसल्या. "गोष्ट लई गाजली. आईला वाचता येत नव्हतं. बायकांनी तिला सांगितलं, तुझ्या मालकानं तुझ्यावर लिहिलंय, तू म्हणं दार लावलंस. नातेवाइकांनी विचारलं, व्याह्यांनी विचारलं. ती सगळ्यांना सांगत ऱ्हायली, मी जेवू घातलं हो त्याला. कोण ऐकतंय? पुस्तकात तसं होतं."

"मग?" भाचीनं विचारलं.

"मग काय. दारात कुणी आलं, भिकारी असो, पोस्टमन असो, की आई त्याला आधी बसवायची, वाढायची. आन् त्याचं जेवण चालू असताना ओसरीकडं तोंड करून बाबांना म्हणायची, आता हे लिहा." आक्कांनी पुस्तक मिटलं. "मरेपर्यंत म्हणत होती. बाबांनी काही लिहिलं न्हाई."

मी आयुष्यभर त्या दाराचे अर्थ सांगत आलो होतो. दाराआड एक बाई उभी आहे आणि ती "मी दार लावलं नाही" असं सांगून राहिली आहे, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी मास्तराच्या सवयीनं विचारलं, "म्हणजे परवानगी आहे ना, आक्का?"

"हाय. पण दहीभात कामून दिलाय? आईनं भाकर दिली होती."

भाचीनं कंडक्टरच्या पोटाची हकिगत सांगितली. दोन गावं, पिकअप, बुंदी, सगळं. आक्का इतक्या हसल्या, की आतून त्यांना सांभाळणारी बाई धावत आली. "मग दहीभातच बरोबर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पोट बिघडलेल्या माणसाला आईनंही तेच दिलं असतं."

भाचीनं विचारलं, सिनेमाच्या शेवटी नावांच्या यादीत कथा म्हणून बाबांचं नाव येईल, त्याच्याखाली आईचं नाव घालू का. आक्कांनी होकार दिला आणि ते नाव सांगितलं. सांगताना दोनदा सांगितलं, नीट ऐकू यावं म्हणून. ते नाव गोष्टीत नाही, पुस्तकात नाही, मी एवढी वर्षं शिकवलेल्या एकाही टिपणात नाही.

आम्ही निघायला उठलो. येताना आम्ही बसस्टँडजवळ पोटभर जेवलो होतो आणि ते आक्कांना सांगितलंही. त्यांनी ऐकलं नाही. सांभाळणाऱ्या बाईला हाक मारली, आमच्यापुढं ताटं आली. भाकर होती, येसर होतं. मी पहिला घास तोडला, तेव्हा आक्का समोरच्या खुर्चीत टेकून बसल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, आता हे लिहा."

म्हणून लिहिलं.